शेवटची बस आणि आपला कार्यक्रम

गेल्या वर्षीचा आपला मराठी भाषा गौरव दिन आठवतो ना? फोटो छान आले. पण एक गोष्ट फोटोत दिसत नाही. काव्यवाचनाच्या यादीत शेवटची तीन नावं खानवेलकडच्या मुलींची होती. पाहुणे उशिरा पोचले, दीपप्रज्वलनाला काडेपेटी शोधण्यात दहा मिनिटं गेली, मग प्रास्ताविक, सत्कार, मनोगतं... आणि शेवटची बस चुकेल म्हणून त्या तिघी कविता न वाचताच निघून गेल्या. त्यातल्या एकीने पहिल्यांदाच मंचावर वाचायचं ठरवलं होतं. तिची वही मी पाहिली होती. कविता सुंदर अक्षरात पुन्हा उतरवून आणली होती तिने.

यादी मीच केली होती. तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो, "कार्यक्रम म्हटला की थोडं पुढेमागे होतंच." पण यंदा मॅनेजमेंटच्या पेपरात प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकताना लक्षात आलं की हे 'थोडं पुढेमागे' नेहमी यादीच्या टोकाला असलेल्यांच्याच वाट्याला येतं. म्हणून हा लेख.

सुरुवात एका वाक्याने करायची: हा कार्यक्रम कशासाठी? आपल्या सिल्वाशाशी जोडलेलं याचं एक उदाहरण आहे. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं. त्याआधी त्या लढ्याला पैसे उभे करायला सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. बाबूजी नुसते गायक-संगीतकार नव्हते, ते स्वतः या मुक्तिसंग्रामात उतरले होते. त्या कार्यक्रमाचा हेतू एका वाक्यात सांगता येतो. आपला? 'नवीन मुलांना मंचावर वाचायला मिळावं' हा असेल, तर पंधरा जणांचा शाल-श्रीफळ सत्कार कशाला, हा प्रश्न आपोआप पडतो.

दुसरं म्हणजे मागून मोजायचं. आपण पुढून मोजतो, "अजून महिना आहे की!" 27 फेब्रुवारी ही कुसुमाग्रजांची जयंती, ती काही आपल्यासाठी सरकणार नाही. वारीचं पाहा. आषाढी एकादशी ठरलेली, दशमीला पालखी पंढरपुरात पोचायलाच हवी. त्यावरून मागे येत मुक्काम लागतात आणि आळंदीहून निघायचा दिवस ठरतो.

आता आपली कामं तशी मांडू. पाहुण्यांचा होकार मिळवणं 5 दिवस, पत्रिकेचा मजकूर 2, प्राचार्यांची मंजुरी 3, छपाई 4, वाटप 5. यातलं कुठलंच काम आधीचं संपल्याशिवाय सुरू होत नाही. पाहुण्यांचं नाव नक्की नसताना छापणार काय? बेरीज 19 दिवस. पत्रिका 19 फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांच्या हातात हवी असेल, तर पाहुण्यांना पहिला फोन 1 फेब्रुवारीलाच जायला हवा. 3 तारखेला केला, तर पत्रिका 21 ला. मध्ये कितीही धावपळ करा.

या एकमेकांवर अवलंबून असलेल्या सर्वांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कामातून ही पद्धत पुढे आली. दुसरीकडे कविता मागवणं 10 दिवस, निवड 4, तालीम 4, असे 18 दिवस. हे 26 तारखेपर्यंत संपलं तरी चालतं, म्हणजे 9 ला सुरू केलं तरी जमतं. इथे आठ दिवसांची सवड आहे. गेल्या वर्षी आम्ही नेमकं उलटं केलं: कवितांसाठी पहिल्या दिवसापासून जीव टाकला आणि पाहुण्यांचा फोन 'उद्या करू' म्हणत राहिलो!

वेळेचा अंदाजही जरा प्रामाणिक हवा. वापी स्टेशनहून कॉलेजला यायला रस्ता मोकळा असेल तर 35 मिनिटं, एरवी 50, आणि ट्रकांची रांग लागली तर 125. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 1958 मध्ये पर्ट नावाची पद्धत निघाली. तिचा हिशोब सोपा आहे: नेहमीच्या वेळेची चौपट करा, तिच्यात सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ मिळवा, सहाने भागा. 35 अधिक 200 अधिक 125, भागिले 6, म्हणजे 60 मिनिटं. आम्ही धरली होती 35. पाहुण्यांचा काहीच दोष नव्हता. तरी 60 हा अंदाजच, 125 चा दिवस उगवू शकतो. म्हणून यंदा काव्यवाचन आधी आणि पाहुण्यांचं भाषण नंतर. लांब राहणाऱ्यांच्या कविता सगळ्यात पहिल्या. शेवटच्या बसची वेळ हीच आपली खरी डेडलाइन.

मंचावरचा वेळही असाच फसवतो. बारा कविता, प्रत्येकी पाच मिनिटं, झाला एक तास, असं आपण म्हणतो. पण नाव पुकारणं, येणं, माइक खालीवर करणं, टाळ्या, आणि सूत्रसंचालकाच्या चारोळ्या (त्यांना कोण आवरणार?) धरून एकेकीला साडेसात मिनिटं लागतात. म्हणजे दीड तास.

प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहायचं. 'सगळे मिळून' असं लिहिलं की काडेपेटी कुणीच आणत नाही. शेवटच्या आठवड्यात रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं भेटायचं: काय झालं, काय अडलं, उद्या काय. हेही वारीत आहेच. संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात, टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकलं जातं. हरवलं-सापडलं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात. एवढा मोठा सोहळा यावर चालतो, तर आपली तीस जणांची समिती का नाही चालणार?

यंदाचा तक्ता मंडळाच्या फलकावर लावलाय. त्या तिघींची नावं काव्यवाचनात पहिली आहेत, तिघींनीही हो म्हटलंय. माइक-स्पीकर आणि चहा या दोन ओळींपुढे मात्र अजून कुणाचं नाव नाही. पेन तिथेच दोरीला बांधून ठेवलंय.