अंगणवाडीचा निधी हे दान नव्हे, हक्काचा वाटा आहे!

नंदुरबार जिल्ह्याचे नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत येते ते पावसाळ्यात, आणि तेही कुपोषणाच्या बातमीपुरते. मंत्री धडगावला जाऊन येतात, बालकांची वजने घेतानाची छायाचित्रे छापून येतात, आदेश निघतात आणि पाऊस उघडला की सारे विसरले जाते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील शंभरातले ६९ लोक अनुसूचित जमातीचे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. २०१९-२१ च्या पाहणीतही निम्म्याहून अधिकच! तेव्हा हा पावसाचा दोष नाही. हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि आम्ही आज हिशेबच मागणार आहोत.

हा हिशेब बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्येच मांडला होता. मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे ते मजूरमंत्री असताना खाणींवर पाळणाघरे सक्तीची करण्याची तरतूद झाली. आई आणि मूल यांच्यावरचा खर्च ही सरकारची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, हा त्याचा अर्थ.

अंगणवाडी हा शब्दही याच मातीतला. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केले तेव्हा, जे मूल शाळेच्या दारात येत नाही त्याच्या अंगणात शाळेने गेले पाहिजे, हा विचार पुढे आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. पण ही सारी योजनाच राहिली, हक्क झाली नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील मुलांना कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. ज्या वयात शरीर आणि मेंदू घडतो, नेमके तेच वय सरकारच्या मर्जीवर सोडले गेले!

मर्जीवर सोडलेल्या गोष्टीचे पुढे काय होते? २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद सुमारे १८ हजार कोटींवरून ८ हजार कोटींच्या घरात आणली गेली. राज्यांना केंद्रीय करांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के मिळाला आहे, त्यांनी भागवावे, असे सांगण्यात आले. नंतर तरतूद वाढवावी लागली, परंतु राज्यावरचा भार वाढला तो वाढलाच. २०१७ मध्ये एका बालकाच्या दिवसाच्या पूरक आहारासाठी ८ रुपये दर ठरला, त्यातले चार केंद्राचे, चार राज्याचे. त्यानंतर तेल, डाळ आणि गॅसचे भाव कुठे गेले, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

न्यायालयाने तर केव्हाच बजावले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक वस्तीत लवकरात लवकर अंगणवाडी हवी. १३ डिसेंबर २००६ च्या निकालात सांगितले की वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असतील, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी दिली पाहिजे. तरीही महाराष्ट्राने २०१६ मध्ये आहारपुरवठ्याची अशी निविदा काढली की, ती २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली.

अक्राणी आणि अक्कलकुव्यात गाव म्हणजे एका ठिकाणची वस्ती नव्हे. एक पाडा या डोंगरावर, दुसरा त्या डोंगरावर. अंगणवाडी दुसऱ्या पाड्यावर असेल तर तीन वर्षांचे मूल ओढा ओलांडून कसे जाणार? मग आई मजुरीला जाते आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते. एका अंगणवाडीच्या अभावी दोन लेकरांचे शिक्षण बुडते, आणि त्यातली एक मुलगी असते! दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तेव्हा मूल उसाच्या फडात असते आणि नाव मात्र पाड्याच्या नोंदवहीत.

आता निधी कुठे जातो ते पाहा. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी, बालकांना अंडी-केळी देणारी अमृत आहार योजना आदिवासी विकास विभागाच्या पैशावर चालते. त्याच विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेकडे वळवण्यात आले. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळण्यास आमचा विरोध नाही. पण ते दलित-आदिवासींच्या पेटीतून का? सहा वर्षांखालील मूल मतदार नसते आणि मोर्चाही काढत नाही, म्हणूनच ना? त्याच्यासाठी राबणाऱ्या सेविकांना मानधनासाठी ४ डिसेंबर २०२३ पासून कित्येक आठवडे संपावर बसावे लागले, हेही आम्ही विसरलेलो नाही.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीला कायद्याचे कुंपण घातले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने तसा कायदा करावा. आहाराचा दर महागाईशी जोडावा. सेविका पाड्यावरची, मुलांची बोली बोलणारी असावी, आणि स्थलांतरित मुलाचा आहार त्याच्यासोबत जावा.

पण केवळ सरकारला सांगून भागणार नाही. चळवळीतील कार्यकर्त्यांनो, पाड्यावर जा. मुले मोजा. चाळीस भरली की ग्रामसभेचा ठराव करून लेखी मागणी द्या आणि तीन महिने मोजा. माहिती अधिकारात प्रकल्पाचा निधी किती आला, किती खर्च झाला, किती परत गेला, हे विचारा. रस्ता यंदा झाला नाही तर पुढच्या वर्षी होईल. तिसऱ्या वर्षी उपाशी राहिलेल्या लेकराचे तिसरे वर्ष मात्र पुन्हा येत नाही.