घटस्फोटानंतर जोडीदाराचं कर्ज कुणी फेडायचं?

आजचा प्रश्न सरळ आहे. नवरा-बायको वेगळे झाले, त्यानंतर एकाचं कर्ज थकलं. बँक, पतसंस्था किंवा सावकार दुसऱ्याच्या दारात येऊ शकतो का?

आधी मूळ नियम सांगतो. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोचं होत नाही आणि बायकोचं नवऱ्याचं होत नाही. गोव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि काही देणीही त्या सामाईक मालमत्तेवर येतात. महाराष्ट्रात, म्हणजे आपल्या गोंदियातही, तसं नाही. एक लहानसा अपवाद आहे: एकत्र राहत असताना बायकोने घरखर्चासाठी किराण्याची उधारी केली, तर त्याला नवऱ्याची संमती होती असं धरून दुकानदार त्याच्याकडे पैसे मागू शकतो.

मग माणसं अडकतात कुठे? सहीत. कर्जाच्या कागदावर तुमची सही कोणत्या नात्याने आहे, ते बघा. तुम्ही सहकर्जदार असाल तर पूर्ण कर्जाला जबाबदार आहात, अर्ध्याला नव्हे. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 43 म्हणतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर देणेकरी कुणा एकाकडूनही सगळं वसूल करू शकतो. तुम्ही जामीनदार असाल तर कलम 128 नुसार तुमची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या’ असं बँकेला सांगता येत नाही. आणि फक्त घर किंवा शेत गहाण दिलं असेल तर धोका त्या मालमत्तेला आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तिरोड्याच्या एका जोडप्याने दोघांच्या नावाने 12 लाखांचं घरकर्ज काढलं. घटस्फोटाच्या वेळी 8 लाख बाकी होते. न्यायालयात तडजोड झाली: घर नवऱ्याकडे, हप्तेही तोच भरणार. दोन वर्षांनी हप्ते थांबले. बँकेने बाईंना नोटीस पाठवली. बाई म्हणतात, ‘माझ्याकडे न्यायालयाचा हुकूम आहे.’ हुकूम खरा आहे, पण त्यात बँक पक्षकार नव्हती. करार कायद्याचं कलम 132 नेमकं याचसाठी आहे. दोघा कर्जदारांनी आपसात ‘तू भर, तू नाही भरलंस तरच मी’ असं ठरवलं, तरी देणेकऱ्याचा हक्क कमी होत नाही. देणेकऱ्याला ते ठाऊक असलं तरीसुद्धा.

मग त्या हुकुमाचा उपयोग काय? उपयोग आहे. बाईंनी बँकेला जे भरलं, ते त्या नवऱ्याकडून मागू शकतात, आणि लेखी तडजोड हा त्याचा भक्कम पुरावा. पण आधी खिशातून पैसे जातात, मग वसुलीसाठी धाव घ्यावी लागते. हा फरक लक्षात ठेवा.

आपल्या जिल्ह्यात याचं आणखी एक रूप दिसतं. बचत गटातून किंवा छोट्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून कर्ज बाईच्या नावावर निघतं, आणि पैसा जातो नवऱ्याच्या गाडीत, दुकानात किंवा धानाच्या हंगामात. फारकत झाल्यावर नवरा म्हणतो, ‘कागद तुझा.’ कंपनीच्या दृष्टीने तो बरोबर बोलतो. पैसा कुणी वापरला हे देणेकरी विचारत नाही. म्हणून पैसा हातात देऊ नका, खात्यातून द्या. नोंद राहिली तर पुढे मागता येतं.

इथे फारकतीचाही मुद्दा येतो. काही समाजांत पंचांसमोर रूढीने काडीमोड होते. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू नाही, तिथे रूढीला महत्त्व आहे. पण रूढी नसताना केवळ मुद्रांकावर लिहून नोटरी केल्याने घटस्फोट होत नाही. आणि विभक्त कसंही झालात, तरी कर्जाला लागतो तो करार कायदाच.

आता करायचं काय? हिंदू विवाह कायद्यातील कलम 13-ब खाली संमतीने घटस्फोट घेताना दोन अर्जांच्या मध्ये साधारण सहा महिने असतात. न्यायालय ते माफ करू शकतं, पण मिळाले तर या कामासाठी वापरा. दोघांचे पतअहवाल काढा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. त्यात विसरलेला जामीनही सापडतो. सावकाराची आणि उधारीची देणी मात्र त्यात दिसत नाहीत, ती विचारून लिहा. मग बँकेत लेखी अर्ज द्या: ‘माझं नाव कमी करा, त्याच्या एकट्याच्या नावाने कर्ज करा.’ बँक त्याची मिळकत तपासेल. ती नकार देऊ शकते. मग दुसरा जामीनदार द्यावा लागेल, नाहीतर मालमत्ता विकून कर्ज फेडण्याची अट तडजोडीत घालावी. बँकेने लेखी मोकळं केल्याशिवाय तुमची सुटका झाली असं समजू नका.

नवऱ्याच्या धंद्याच्या चालू कर्जखात्याला जामीन राहिला असाल, तर कलम 130 नुसार नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरता जामीन मागे घेता येतो. आधीची बाकी मात्र तुमच्यावर राहते.

आणि सही नसेल तर घाबरू नका. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. नवऱ्याच्या देण्यापोटी ते कुणी मागू शकत नाही. वसुली करणाऱ्यांनी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. बँकेकडे तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर 14448 वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची माहिती मिळते.

पतसंस्थेचा मामला वेगळा. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला निघतो, आणि त्यात जामीनदाराचंही नाव येऊ शकतं. त्या कार्यालयातून नोटीस आली तर घरी ठेवून देऊ नका, तारखेला हजर राहून लेखी म्हणणं द्या.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. जाताना कर्जाचा करार, खात्याचा उतारा आणि तडजोडीची प्रत सोबत न्या. पहिला प्रश्न तेच विचारतील: सही कुठे आहे, आणि कोणत्या नात्याने?