गोटीची पारख

आजोबांच्या डब्यातली निळ्या-पांढऱ्या पिळाची काचेची गोटी मी 'जर्मन' म्हणून मित्रांत मिरवीत असे. परवा तिची पारख करावयास बसलो. जर्मनीतील लाउशा गावी १८४६ च्या सुमारास गोट्या कापण्याची खास कात्री निघाली. तापल्या काचकांडीतून गोटी कापली की टोकाला खरखरीत व्रण राही. हातकामाची हीच खूण. अमेरिकेत क्रिस्टेन्सन यांनी १९०५ साली यंत्राचे पेटंट मिळविले. यंत्राच्या गोटीवर असा व्रण सहसा नसतो. मोल ठरते ते आकार, नक्षीची दुर्मिळता आणि विशेषतः अभंग पृष्ठभाग यांवर. घासलेल्या गोटीला संग्राहक फारसे विचारीत नाहीत.

भिंगाखाली माझ्या गोटीच्या टोकाला फक्त धूसर, सपाट ठिपका दिसला. खरखर बोटाला बोचते म्हणून लहानपणी मीच ती आजीच्या सहाणेवर घासली होती!