लढाई आसईची, रेघ गोदावरीची

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्याहून दौलताबादचा किल्ला फार दूर नाही. १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, तेव्हा तहात हा किल्ला साठ लाखांच्या मुलखासह मराठ्यांना मिळाला. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईनंतरच्या तहातही दौलताबादचं नाव पुन्हा आहेच. पस्तीस वर्षांत एकच किल्ला दोनदा जिंकून घ्यावा लागतो, यावरूनच त्या तहांचा टिकाऊपणा कळतो.

तेव्हा सीमा नकाशावर नसे, वसुलीच्या आकड्यांत असे. अमुक लाखांचा मुलूख, तमुक परगण्याची चौथाई. हरलेला पक्ष सह्या करी आणि पुढच्या संधीची वाट बघत बसे. खर्ड्याची कमाई तर दीड-दोन वर्षांतच हातची गेली. सवाई माधवराव वारले, पुण्यात वारसाचा घोळ सुरू झाला आणि निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी नाना फडणवीसांनी महाडच्या तहात जिंकलेलं बरंचसं परत देऊन टाकलं.

१८०३ साली मात्र चित्र पालटलं. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसईला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचीही दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे अडगाव आणि गाविलगड पडले. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी तह केला, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंद्यांनी. भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. शिंद्यांचा अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा मुलूख गेला, त्यात जालनाही. लढाई इंग्रजांनी मारली, वऱ्हाड आणि जालना पडले निजामाच्या पदरात. कारण तो त्यांचा तैनाती फौजेतला दोस्त.

शिंद्यांच्या तहातलं एक कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे. अंबड, पैठण, जामगाव अशा ठिकाणची काही वडिलार्जित गावं त्यांच्याकडेच ठेवली, पण वसुलीच्या निमित्तानंही तिथे फौज आणायची नाही, अशी अट घातली. घराण्याचा मान राखला, तलवार काढून घेतली. मराठ्यांच्या आधीच्या तहांना असा पहारेकरी नव्हता. आता तह मोडायचा तर इंग्रजांशी लढावं लागणार होतं, म्हणून ही सीमा टिकली.

हाच वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लू जिंकला. १८१५ च्या पॅरिसच्या तहानं फ्रान्सला १७९० च्या हद्दीत परत लोटलं आणि ७० कोटी फ्रँकची खंडणी लादली. खर्ड्यालाही मुलखाबरोबर तीन कोटींची खंडणी ठरली होती. जिंकणाऱ्यांची रीत सगळीकडे सारखीच.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि गोदावरीचा हा पट्टा निजाम आणि इंग्रज यांच्यातली सरहद्द झाला. अलीकडे गंगापूर, पलीकडे नेवासं. दोन्ही काठांवर मराठीच बोलली जाई, सोयरिकी नदी ओलांडून होत. तरी एका काठावर इंग्रजांचा कायदा, तर दुसऱ्यावर निजामाचा अंमल आणि पुढे उर्दू दफ्तर. काठावरच्या कुणब्याला यातलं काही कुणी विचारलं नव्हतं.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनं निजामी संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. जुनी सरहद्द जिल्ह्यांची हद्द होऊन उरली. आता भांडण पाण्याचं असतं: नगर-नाशिकच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात किती पाणी सोडायचं, ते २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याच्या आधारे ठरतं आणि बऱ्याचदा उच्च न्यायालयात जातं.