पाठीवर वीस किलो : सॅक निवडताना लिटर नाही, वजनाची वाट बघा

सॅक घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती लिटरची दाखवू? चाळीस, साठ की ऐंशी? आता जरा विचार करा. लिटरवरून फक्त आत किती माल मावेल ते कळतं. तो माल पाठीवर घेऊन चार तास डोंगर चढता येईल का, हे लिटर सांगत नाही. पिसांची उशी आणि पाण्याचा जार सारख्याच जागेत मावतात, पण पाठीला दोन्ही सारखे लागत नाहीत.

माणूस ओझं कसं वाहतो हा माझ्या पीएच.डी.च्या अभ्यासाचा भाग आहे. त्यामुळे 'जड सामानासाठी कुठली सॅक घेऊ?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कंपन्यांची नावं मी सांगत नाही. सॅक कशी पारखायची ते सांगतो.

खास जड ओझ्यासाठी बनवलेल्या सॅक बघायच्या तर दोन ठिकाणी बघाव्या लागतात : लष्करात आणि उत्तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांकडे. तिथे परवाना घेऊन शिकार करतात आणि मोठ्या जनावराचं मांस रस्ता नसलेल्या रानातून पाठीवरून खाली आणतात. जाताना सॅक हलकी, येताना तीस-चाळीस किलो. म्हणून त्यांच्या सॅकमध्ये पिशवी आणि फ्रेम वेगळी होते. मांसाचं जड गाठोडं या दोन्हींच्या मधे, पाठीला अगदी चिकटून, पट्ट्यांनी आवळून बांधतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. आपल्या नगर जिल्ह्यातच (आता अहिल्यानगर) कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळवीट अभयारण्य आहे आणि अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तेव्हा मांसाचा प्रश्न इथे येत नाही, पण ओझ्याचा येतो. कळसूबाईच्या वाटेवर लिंबू सरबत, ताक, भजी मिळतात ना? त्यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी वर नेलेली असते. हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणारे तंबू, शिधा, पाणी घेऊन चढतात. पाणी आणि मांस, दोन्ही पाठीसाठी सारखेच : जड, कमी जागेत मावणारे आणि नीट बांधले नाहीत तर हलणारे.

वजन उतरतं कुठे?

नुसते खांद्याचे पट्टे असलेली मऊ सॅक सगळं वजन खांद्यावर टाकते. मानेकडून हाताकडे जाणाऱ्या नसा खांद्यापाशी त्या पट्ट्याखाली दाबल्या जातात. हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. सैनिकांमध्ये तर यातून हात लुळा पडल्याची उदाहरणं आहेत आणि त्या दुखण्याला सॅकवरूनच नाव पडलंय. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी लष्करी अभ्यासात फ्रेम आणि कमरेचा पट्टा नसलेली सॅक वाहणाऱ्यांना हा धोका सात पटींहून जास्त आढळला.

म्हणून पहिली अट : आत ताठ फ्रेम हवी आणि कमरेला रुंद, जाड पट्टा हवा. यातलं एकच असून भागत नाही. फ्रेम नसेल तर सॅक मधेच दुमडते आणि वजन पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. पट्टा नसेल तर फ्रेमला टेकायला जागा नाही.

'आमच्या सॅकनं सगळं वजन कमरेवर जातं' असं विक्रेते सांगतात, तेही तपासून बघू. लाफियांद्रा आणि हार्मन या संशोधकांनी २००४ मध्ये चालणाऱ्या माणसांच्या पाठीवरचे जोर मोजले. फ्रेम आणि पट्टा असलेल्या सॅकमध्येही उभ्या भारापैकी साधारण ३० टक्के भार कमरेकडे गेला. उरलेला ७० टक्के पाठीच्या वरच्या भागावर आणि खांद्यावरच राहिला. म्हणजे पट्टा हवाच, पण तो जादू करत नाही. ओझं कमी करण्याला पर्याय नाही.

पाठीपासून किती लांब?

भरलेली बादली छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. वजन तेच असतं, पण जीव जातो. सॅकचंही तेच. वीस किलोच्या ओझ्याचा मध्य मणक्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल तर ते तुम्हाला मागे ओढतं सुमारे २९ न्यूटन-मीटरनं. तोच मध्य २५ सेंटिमीटरवर गेला की ४९. हा फरक भरून काढायला तुम्ही पुढे वाकता आणि कमरेचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात.

शिकाऱ्यांची सॅक मांस फ्रेमला चिकटवून बांधते ते यासाठीच. तुम्ही पाण्याच्या बाटल्या आणि तांदूळ-डाळ पाठीला लागून ठेवा. कपडे आणि स्लीपिंग बॅग बाहेरच्या बाजूला. सॅकला बाजूंनी आवळणारे पट्टे आहेत का ते बघा. अर्धा भरलेला कॅन आत डचमळतो आणि प्रत्येक पावलाला तोल बिघडवतो, म्हणून एका मोठ्या कॅनपेक्षा भरलेल्या लहान बाटल्या बऱ्या.

वर की खाली?

सपाट, चांगल्या वाटेवर जड वस्तू खांद्यांच्या उंचीला असल्या तर शक्ती कमी लागते, कारण कमी वाकावं लागतं. पण कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर किंवा ओल्या कातळावर उंच ओझं तुम्हाला बाजूला कलंडवतं. तिथे जड माल पाठीच्या मध्यावर आणलेला बरा. डोक्याच्या वर जाणारा ढीग तर शिडीवर नकोच.

मग डोईवरचा हंडा?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडच्या बाया चुंबळ ठेवून डोईवर दोन-दोन हंडे नेतात, त्यांना कुठे लागते फ्रेम? प्रश्न रास्त आहे. १९८६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात केनियातल्या किकुयू आणि लुओ स्त्रियांवरचा अभ्यास आला. आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जवळजवळ काहीच जादा ऊर्जा न खर्चता नेत होत्या. दत्ता आणि रामनाथन यांनी १९७१ मध्ये ३० किलो ओझं वाहण्याच्या सात पद्धती तपासल्या. सर्वांत स्वस्त पडली पुढे-मागे वाटलेली दुहेरी सॅक. तिच्या पाठोपाठ डोकं, मग पाठीवरची सॅक. कावड बरीच महाग पडली आणि दोन्ही हातांत धरून नेणं सर्वांत महाग.

पण इथे 'स्वस्त' म्हणजे फक्त ऊर्जेच्या हिशेबात. मानेच्या मणक्यांची झीज त्या हिशेबात येत नाही. ते कसब लहानपणापासूनच्या सवयीनं आलेलं असतं आणि शिडीवर तर दोन्ही हात मोकळे लागतात. तेव्हा डोंगरासाठी सॅकच.

चढ-उताराचा हिशोब

समजा ८०० मीटर चढ आहे. वीस किलो तेवढं वर उचलायला १५७ किलोज्यूल, म्हणजे साधारण ३७ किलोकॅलरी काम होतं. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामात आणतात, म्हणून खरा खर्च दीडशे किलोकॅलरीच्या आसपास. दीड-दोन भाकरी म्हणा ना. कुठलीही भारी सॅक यातली एक किलोकॅलरीसुद्धा वाचवत नाही. उलट ताठ फ्रेमच्या सॅकचं स्वतःचंच वजन अडीच-तीन किलो असतं. दहा किलोच नेणार असाल तर ती घेऊ नका.

उतरताना दम लागत नाही, पण प्रत्येक पाऊल गुडघ्याला आणि मांडीच्या स्नायूंना ब्रेकसारखं वापरतं. दोन काठ्या वापरल्या तर गुडघ्यावरचा भार बराच हलका होतो.

दुकानात काय कराल?

१. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जे हाड हाताला लागतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत कुणाकडून तरी मोजून घ्या. सॅकचं माप या लांबीवर ठरतं, तुमच्या उंचीवर नाही.

२. रिकामी सॅक घालून बघू नका. आत पंधरा किलो तरी टाकायला सांगा.

३. आधी कमरेचा पट्टा आवळा. तो पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे. खांद्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे.

४. पंधरा मिनिटं चाला, जिना चढा-उतरा. मुंग्या आल्या किंवा पट्टा घसरला तर सॅक परत ठेवा.

५. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत ठेवा. साठ किलोच्या माणसाला बारा ते पंधरा किलो.

हा पाचवा मुद्दा सवय नसलेल्यांसाठी आहे. २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात नामचेकडे जाणारे नेपाळी हमाल सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझं नेताना आढळले, स्त्रिया ६६ टक्के. हे वाचून अनेकांना वाटतं, 'डोंगरातल्या लोकांना सवय असते.' असते. पण तो अभ्यास किती ऊर्जा लागते ते सांगतो, वीस वर्षांनी गुडघ्याचं काय होतं ते नाही.

आता शेवटचं. पायथ्याच्या गावातून सॅक घ्यायला माणूस करणार असाल, तर वर लिहिलेलं सगळं त्याच्या अंगाला लावून बघा. तुमच्या पाठीच्या मापाची सॅक त्याच्या कमरेवर बसणार नाही. पट्टा पोटावर येईल आणि पूर्ण वजन खांद्यावर लटकेल. सॅक त्याच्या पाठीवर चढवलीत की पट्टे त्याच्या मापाला लावून द्या, कमरेचा पट्टा बांधायला सांगा आणि निघण्याआधी आतलं पाच किलो काढून स्वतःकडे घ्या. तुमची ही खेप महिन्यातून एकदा असेल. त्याची कदाचित उद्याही आहे.