छपरावरील सिमेंटचा पत्रा : त्यात काय आहे?

खताचे पोते घेताना शेतकरी त्यावरील आकडे वाचतो. नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण छापलेले नसेल तर शहाणा मनुष्य ते पोते गाडीत चढवीत नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती लिहिलेली असते, व कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत खुणेवरून त्याचा जहरीपणा कळतो. १९६६ चा बियाणे कायदा, १९७१ चे कीटकनाशक नियम आणि १९८५ चा खत नियंत्रण आदेश यांनी ही माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला दिला. परंतु हाच शेतकरी गोठा किंवा पडवी बांधावयास काढतो, तेव्हा छपराच्या पत्र्यात काय घातले आहे हे सहसा विचारीत नाही. लांबी, रुंदी व भाव एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. पीक एका हंगामाचे असते, छप्पर मात्र पुढील पिढीच्या डोक्यावरही राहते. म्हणून या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हास अगत्याचे वाटते.

पत्रा कशाचा असतो?— राखी रंगाचा, पन्हळीचा जो पत्रा आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून मागतो, तो बिलावर पुष्कळदा ‘ए. सी. शीट’ असा लिहिलेला आढळतो. ए. सी. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट. अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा तंतुमय दगड होय. शंभर भाग पत्र्यात तो सामान्यतः आठ ते दहा भाग असतो व त्याच्या तंतूंमुळेच पातळ पत्र्यास बळकटी येते. पत्र्यासाठी त्याची क्रायसोटाइल नावाची पांढरी जात वापरतात. ती आता जवळजवळ सगळी परदेशातून, मुख्यत्वे रशियातून, आपल्याकडे येते. पत्र्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तो गंजत नाही, त्यास वाळवी लागत नाही, उन्हात लोखंडी पत्र्याइतका तापत नाही, आणि त्याची किंमतही आवाक्यातील असते. गावोगाव त्याचा प्रसार झाला तो याच गुणांमुळे.

त्यापासून अपाय कोणता?— अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असतात व धुळीत ते डोळ्यांस दिसत नाहीत. श्वासावाटे फुप्फुसात गेलेला तंतू शरीरास विरघळविता येत नाही. वीस ते चाळीस वर्षांनंतर त्याचा परिणाम दिसू लागतो. फुप्फुस निबर होऊन दम लागणे, फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग, हे त्यातील मुख्य विकार होत. विडी ओढणाऱ्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचे भय अनेक पटींनी वाढते. पांढऱ्या जातीसह अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व जाती निश्चित कर्करोगकारक आहेत, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय आहे.

येथे वाचकांनी तारतम्य सोडू नये. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात. अशा छपराखाली राहणे व कारखान्यात दररोज ती धूळ खाणे यांत फार मोठे अंतर आहे. धोका उत्पन्न होतो तो पत्रा कापताना, भोके पाडताना, फोडताना, घासताना, अथवा उन्हापावसाने त्याचा पृष्ठभाग झिजून भुसभुशीत झाला म्हणजे. आणि शेतावर ही कामे मालक, त्याची मुले व गडी यांच्याच हातून होतात.

मौनाचा इतिहास— ही माहिती नवी आहे असे नव्हे. १९२४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली करशॉ ही कामकरी स्त्री फुप्फुसाच्या विकाराने मरण पावली, व तिच्या रोगाची हकीकत डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९३० साली ब्रिटिश सरकारी तपासणी अधिकाऱ्यांचा अहवाल निघाला आणि पुढील वर्षी कारखान्यांतील धुळीसंबंधी नियम झाले. तथापि १९३५ साली अमेरिकेत काय घडले ते पाहा. ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ नावाच्या तेथील व्यापारी मासिकाच्या संपादकांनी या रोगाविषयी काही छापण्याची इच्छा एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांस पत्राने कळविली. आजवर कारखानदारांच्या सांगण्यावरून आपण गप्प राहिलो, असेही त्या पत्रात होते. अध्यक्षांनी दुसऱ्या कंपनीच्या वकिलास लिहिले, की या विषयाची जितकी कमी वाच्यता होईल तितके आपल्या हिताचे. हा पत्रव्यवहार सुमारे चाळीस वर्षांनी न्यायालयीन दाव्यांत उजेडात आला. दरम्यान १९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रोगी नोंदविले. तेथील खाणी निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या होत्या. त्या रोग्यांपैकी कित्येकांनी खाणीत कधी कामही केले नव्हते. ते केवळ खाणींच्या परिसरात राहिले होते.

ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस व युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर बंद केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या धंद्यातील कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी चाळीस वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, परंतु पत्र्यांच्या वापरास देशात बंदी नाही. धोकादायक माल पाठविण्यापूर्वी घेणाऱ्या देशास त्याची माहिती देऊन संमती घ्यावी, असा रॉटरडॅम करार आहे. त्याच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसच्या पाच जाती आहेत. पांढरी जात मात्र अनेक बैठकांत प्रयत्न होऊनही तीत आलेली नाही. कारण त्यास सर्वांचे एकमत लागते, आणि हरकत घेणाऱ्यांत आपला देशही राहिला आहे.

घटक जाहीर करण्याने व्यापार बुडतो असे म्हणणाऱ्यांनी रंगांचे उदाहरण पाहावे. घरगुती रंगांतील शिसे मुलांच्या मेंदूस अपायकारक. २०१६ च्या नियमांनी त्याचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असे ठरविले व तसे डब्यावर छापणे सक्तीचे केले. तरी रंगाची दुकाने चालू आहेत.

शेतकऱ्याने काय करावे?— छपरावर असलेला धड पत्रा भयाने काढू नये. त्यास विनाकारण हात लावू नये. शेवाळ काढण्यासाठी तो ब्रशने घासू नये. कापण्याचा प्रसंग आलाच तर विजेची करवत चालवू नये. पत्रा पाण्याने भिजवून हातकरवतीने कापावा. तोंडास रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत. त्यासाठी बारीक धूळ अडविणारा मास्क लागतो. उतरविताना पत्रा भिजवावा, हातोड्याने न फोडता बोल्ट सोडवून अखंड खाली घ्यावा. चुरा कोरडा झाडू नये. तो ओला करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. फुटके तुकडे वाटेच्या खड्ड्यांत अथवा बांधावर पसरण्याची चाल सर्वस्वी सोडावी, कारण चाकांखाली त्यांचे पीठ होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर असंख्य घरांची छपरे उडाली. अशा वेळी आवराआवरीची घाई असते. तेव्हाच ही खबरदारी अधिक हवी.

नवे बांधकाम करणाऱ्यांपुढे कौल, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, आणि अ‍ॅस्बेस्टॉसऐवजी दुसरे तंतू घातलेला सिमेंटचा पत्रा, हे पर्याय आहेत. लोखंडी पत्र्याखाली जनावरांस उष्मा होतो. छप्पर उंच घेऊन वर पाचट अंथरल्यास तो पुष्कळ कमी होतो. दुसऱ्या तंतूंचा पत्रा दिसण्यात जुन्यासारखाच असल्याने नजरेने फरक कळत नाही. म्हणून ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत. दुकानदार लिहून देण्यास कचरत असेल, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

एकट्या शेतकऱ्याच्या प्रश्नास दुकानात वजन नसते. संघाच्या प्रश्नास असते. आपला संघ सभासदांकरिता पत्रे, रंग वा इतर सामान एकत्र खरेदी करील तेव्हा घटकांचे लेखी निवेदन ही पहिली अट असावी, अशी आमची सूचना आहे. मासिकाच्या बाबतीत बोलावयाचे तर, ज्या बांधकाम-सामानाचे घटक सांगण्यास विक्रेता तयार नाही, त्याची जाहिरात या पानांवर येऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. १९३५ साली त्या व्यापारी मासिकाने मौन पाळले ते आपल्या आश्रयदात्या कारखानदारांसाठी. आमचे आश्रयदाते तुम्ही, त्या छपराखाली राहणारे आहात.