केस सरळ करायचे मशीन : खोका नव्हे, पट्टी पाहून घ्या

पौड रस्त्याने भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटला आले की तिथून उरवड्याकडे रस्ता जातो. मुळशी तालुक्याच्या या भागात कारखाने आले, कारखान्यांबरोबर पगारदार आले आणि त्यांच्या पाठोपाठ सलून व ब्यूटी पार्लरही आली. उरवड्यात राहत्या घराच्या पुढल्या खोलीत दोन खुर्च्यांचे पार्लर चालवणाऱ्या एका भगिनीने मध्यंतरी आम्हाला आपले मशीन दाखवले. केस सरळ करायची ती इस्त्री. कोणी तिला स्ट्रेटनर म्हणतात, कोणी प्रेसिंग मशीन. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘सिरॅमिक’ छापलेले. सात महिन्यांत एका पट्टीच्या कोपऱ्यावरचा थर निघून आतले ॲल्युमिनियम उघडे पडले होते. ऐन लग्नघरात नवरीच्या बहिणीची एक बट त्याच कोपऱ्यात अडकून करपली. मशीन सातशे रुपयांचे. पण त्या घरातली सहा गिऱ्हाइके पुन्हा पार्लरची पायरी चढली नाहीत. “मी पैसे वाचवले की घालवले?” हा तिचा प्रश्न होता. अनेक कारागीर बंधू-भगिनींचा तोच प्रश्न असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

सिरॅमिक म्हणजे नेमके काय?

सिरॅमिक हा चिनी मातीच्या जातीचा, भट्टीत भाजून कडक केलेला पदार्थ. बाजारातल्या बहुतेक मशीनची पट्टी मात्र सबंध सिरॅमिकची नसते. आत ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यावर सिरॅमिकचा पातळ थर दिलेला असतो. थर चांगला असेल तर उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि केस अडखळत नाहीत. थर हलका असेल तर तो ओरखड्याने, पडण्याने किंवा वरचेवर घासण्याने निघतो. जिथे निघतो तिथे केस अडकतो आणि एकाच जागी जास्त तापतो. उरवड्याच्या भगिनीच्या मशीनचे हेच झाले.

दुसरा घोटाळा शब्दांचा. ‘सिरॅमिक हीटर’ आणि ‘सिरॅमिक पट्टी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीटीसी नावाचा हीटर सिरॅमिकचाच असतो. तो तापत गेला की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि तो स्वतःच विजेची ओढ कमी करतो. हा गुण चांगला आहे, पण त्यावरून पट्टीचा थर कसा आहे ते कळत नाही. दुकानदाराला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात.

टायटॅनियमची पट्टी टिकाऊ असते आणि झटकन तापते. जाड, कुरळ्या केसांचे काम भरपूर असेल आणि हात बसलेला असेल तर ती घ्यावी. शिकाऊ हातात मात्र ती केस लवकर करपवते. ‘टूरमलीन’ हे एका खनिजाचे नाव असून त्याची पूड थरात मिसळतात. त्या एका नावासाठी फार जास्त पैसे मोजू नयेत, असा आमचा सल्ला आहे.

दुकानातच करायच्या परीक्षा

पुण्यात तपकीर गल्लीत जा, बोहरी आळीत जा की मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला जा. मशीन खोक्यातून बाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली परीक्षा उजेडाची. मशीन थंड असताना मिटून उजेडासमोर धरावे. दोन पट्ट्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर पट्ट्या नीट बसत नाहीत.

दुसरी कागदाची. वहीच्या कागदाची पट्टी टोकाशी, मध्यभागी आणि मुळाशी अशी तीनदा दाबून ओढून पाहावी. तिन्ही ठिकाणी पकड सारखी हवी. पट्टी किंचित दबणारी, म्हणजे खाली स्प्रिंग असलेली असेल तर उत्तम.

तिसरी बोटाची. थंड पट्टीच्या कडेवरून बोट फिरवावे. कड गोलाकार हवी. धारदार कड केसावर घडी पाडते.

चौथी तापमानाची. नुसते चालू-बंदचे बटण असलेले मशीन धंद्यासाठी घेऊ नये. अंश कमी-जास्त करता आले पाहिजेत. मशीन मधल्या तापमानावर तापवून पांढरा टिश्यू कागद पाच सेकंद धरावा. कागद करपला तर ते मशीन आकडा दाखवते त्याहून जास्त तापते, असे समजावे.

पट्टीची रुंदी कामाप्रमाणे असावी. एक इंचाची पट्टी बहुतेक कामांना पुरते. लांब, दाट केसांना दीड ते दोन इंची बरी, तर आखूड केसांना अर्ध्या इंचाची.

किती अंश?

केस केराटीन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. उष्णतेने त्यातले नाजूक बंध सुटतात आणि थंड होताना नव्या आकारात जुळतात. पाणी लागले की ते पुन्हा सुटतात. म्हणूनच मुळशीच्या पावसात सकाळी सरळ केलेले केस संध्याकाळपर्यंत वळतात. त्यात मशीनचा दोष नसतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

बारीक, रंगवलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांना १५० अंशांच्या आत काम करावे. साधारण केसांना १६० ते १८० आणि जाड, कुरळ्या केसांना १८० ते २०० अंश पुरतात. खोक्यावर २३० चा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, पण रोजच्या कामाला तो लागत नाही. ओल्या केसांना तापलेली पट्टी कधीही लावू नये. केसातल्या पाण्याची वाफ होऊन आत फुगे धरतात आणि केस तिथेच तुटतो.

आखातातून आलेले मशीन

आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मुलगे दुबईला आहेत. त्यांनी आणलेल्या मशीनवरचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचावा. २२० ते २४० लिहिले असेल तर आपल्याकडे चालेल. फक्त १२० लिहिलेले मशीन आपल्या सॉकेटमध्ये लावले की जळते. तिकडची चपट्या तीन पायांची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही; ती काड्या घालून न बसवता इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावी. तिथली वॉरंटी इथे लागू पडेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बंद खोलीतला धूर

स्मूदनिंग किंवा केराटीनच्या नावाने जे द्रव लावून वरून मशीन फिरवतात, त्यांपैकी काहींतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू माणसाला कर्करोग करणारा ठरवला. गिऱ्हाईक वर्षातून एकदोनदा खुर्चीत बसते. कारागीर रोज तोच धूर छातीत घेतो. डोळे चुरचुरले की काम थांबवावे. खिडकी आणि पंखा नसलेल्या खोलीत हे काम घेऊच नये. उरवडेकरांना हे वेगळे सांगायला नको. ७ जून २०२१ रोजी येथील एका रासायनिक कारखान्याच्या आगीत १७ कामगारांचे प्राण गेले आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. रसायन, उष्णता आणि बंद जागा एकत्र आल्या की काय होते, हे या गावाने पाहिले आहे.

हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सातशेचे मशीन सात महिने चालले. महिन्याचे २६ दिवस धरले तर १८२ दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे चार रुपये. समजा, चार हजारांचे मशीन दोन वर्षे टिकले तर ६२४ दिवसांचे दिवसाला सुमारे साडेसहा रुपये पडतात. फरक अडीच रुपयांचा. त्या अडीच रुपयांसाठी सहा गिऱ्हाइके गेली. विजेची काळजी तर नकोच : ५० वॅटचे मशीन रोज चार तास चालले तरी महिन्याला पाच युनिटच्या आसपास जळतात.

भांडवल नसेल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या १८ व्यवसायांत न्हावीकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, कर्ज अशी तिची रचना आहे.

शेवटचे सांगणे बिलाचे. बिल घ्याच, आणि त्यावर मॉडेलचे नाव लिहून घ्या. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूचा खरेदीदारही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच मानला जातो. वस्तू खोटी निघाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण हातात बिल हवे. उरवड्याच्या भगिनीकडे ते नव्हते. पुढच्या खरेदीला ती कागदाची पट्टी पर्समध्ये घेऊनच निघणार आहे. आपणही तसेच करावे. मशीन पुन्हा विकत घेता येते, पण गेलेला भरवसा कोणत्याच दुकानात मिळत नाही.